कोट आत, अण्णा बाहेर

सामना दुपारी तीनला होता आणि सकाळी नऊलाच घरात दोन तट पडले होते.

भांडणाचं मूळ जेवणाच्या टेबलावर होतं. अंतिम सामना म्हणून प्रत्येक खेळाडूला घरच्यांसाठी चार तिकिटं मिळाली होती. चिमणी काल संघाबरोबर मुक्कामाला गेली आणि जाताना तिकिटं साखरेच्या डब्याखाली ठेवून गेली. तीन कोरी. चौथ्यावर पेनाने लिहिलेलं, ‘आजोबा. कोटासाठी नाही.’

याचा अर्थ या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. गेल्या एकतीस वर्षांत निळ्यांचा, म्हणजे गावच्या फुटबॉल संघाचा, घरच्या मैदानावरचा एकही सामना अण्णांनी चुकवला नव्हता, आणि एकही पाहिला नव्हता. सगळ्यांबरोबर ते पूर्वेच्या फाटकापर्यंत चालत जायचे, तिथे तपकिरी कोट उतरवून मुलाच्या, दादाच्या हातात द्यायचे आणि तिकीटवाल्याच्या स्टुलावर, मैदानाच्या भिंतीला पाठ लावून, हातात घड्याळ धरून बसायचे. कोट आत जायचा. कोटाला तिकीट असायचं, खुर्ची असायची, आजूबाजूचे लोक कोटाला रामराम करायचे. कारण एकतीस वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, अण्णा उभे राहून म्हणाले होते, “चला, जिंकलो,” आणि वाक्य पुरं व्हायच्या आत चेंडू आपल्याच जाळ्यात होता. पुढच्या सामन्याला ते बाहेर बसले. निळे चार-शून्यने जिंकले. एवढ्या पुराव्यावर माणसं धर्म बदलतात, अण्णांनी फक्त जागा बदलली.

पण मग आठ वर्षांपूर्वी दादाची मुलगी निळ्यांच्या मुलींच्या संघात गोलरक्षक झाली. आता ती एकवीस वर्षांची होती, दारातून येताना मान वाकवावी लागेल इतकी उंच, तरी घरात चिमणीच. अण्णांनी तिला खेळताना कधी पाहिलं नव्हतं. दादाच्या बहिणीने, चिमणीच्या आत्याने, एकदा मोबाईलवरचं चित्रण दाखवलं, तर पुढच्याच रविवारी संघ हरला. तेव्हापासून तेही बंद. सामना संपला की सगळे याच टेबलाभोवती बसायचे आणि कपबश्या, चमचे मांडून अण्णांना सामना सांगायचे. साखरेचा डबा म्हणजे चिमणी. आठ वर्षं अण्णांनी पाहिलेली नात म्हणजे तो डबा होता.

आणि येत्या गुरुवारी चिमणी लांबच्या एका मोठ्या संघाकडे निघाली होती. दोन वर्षांचा करार. निळ्या जर्सीतला हा तिचा शेवटचा सामना. अण्णा एकोणऐंशी वर्षांचे होते. यातलं गणित कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण येत सगळ्यांना होतं.

“आज अण्णा आत येणार,” आत्याने आल्या आल्या पर्स खुर्चीला अडकवत जाहीर केलं. ती शाळेत खरोखरच गणित शिकवायची, त्यामुळे तिची सगळी वाक्यं फळ्यावर लिहिल्यासारखी यायची. घरच्या दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव लिहायचं यावरून झालेल्या भांडणानंतर ती आणि दादा कामापुरतंच बोलत होते. आज मात्र काम निघालं होतं.

“काही गरज नाही,” दादा म्हणाला. तो खाली दुकानात घड्याळं दुरुस्त करायचा, आणि कपाळावर चढवलेलं भिंग रविवारीही काढायला विसरायचा. “चालतंय ते चालू दे. अंतिम सामना आहे, प्रयोग करायचा दिवस नाही.”

“काय चालतंय? अण्णा बाहेर बसलेले असताना आपण किती सामने हरलो, माहितीये? मी मोजलेत. दोनशेच्या वर.”

“ते पंचांमुळे.”

“दोनशे वेळा?”

“आपल्याला पंच चांगले मिळत नाहीत,” दादाने छातीठोकपणे सांगितलं.

आत्याने कपाळावर हात मारला आणि वहिनीकडे पाहिलं. वहिनी चिमणीची आई, तिच्या बाजूने बोलणार हे ठरलेलंच. पण वहिनी ओट्यापाशी पाठ करून कप विसळत राहिली.

“वहिनी, तू सांग ना गं याला.”

“मला विचारशील तर त्यांनी बाहेरच बसावं,” वहिनी म्हणाली.

दादालासुद्धा हे अनपेक्षित होतं. बायको आपल्या बाजूने आहे, याची त्याला सवय नव्हती.

“अगं, तुझ्या पोरीने लिहिलंय ते!”

“पोरगी एकवीस वर्षांची आहे. तिला वाटतंय आजोबा आले की झालं.” वहिनीने नळ बंद केला आणि आवाज खाली आणला. “जिंकले तर तू म्हणतेस ते खरं. पण हरले तर? हा माणूस एकतीस वर्षं त्या स्टुलावर ताठ मानेने बसलाय. आपण संघासाठी काहीतरी करतो, असं वाटतं त्यांना. आज आत आले आणि हरले, तर नातीचा शेवटचा सामना मी घालवला म्हणून जन्मभर कुढतील. मी बस चालवते, वन्सं. समोर खड्डा दिसत असताना चाक तिकडे घालत नाही मी.”

दादाला हे उत्तर आपल्या बाजूचं असूनही आवडलं नाही.

“माझ्यावर मतदान चाललंय की काय?” दारातून अण्णांचा आवाज आला. दाढी घोटून, बूट चकाचक पुसून ते तयार होते. तपकिरी कोट अंगात होता. त्यांनी टेबलावरचं चौथं तिकीट उचललं, लांब धरून वाचलं आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

“मी बाहेर बसणार,” ते म्हणाले. “तीन चषक आलेत माझ्या पाठीमागे. अक्षरशः पाठीमागे. चौथाही येईल.”

ते हसत होते. मात्र तिकीट ठेवलं त्या खिशावर त्यांनी दोनदा हात फिरवला, आणि ते वहिनीने पाहिलं.

* * *

भिंतीपलीकडचा सामना अण्णांना इतरांपेक्षा जास्त कळायचा, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. निळ्यांचा हल्ला असला की आवाज पायरी पायरीने चढायचा. समोरच्यांचा असला की माणसं बोलायची थांबायची. गोल हुकला तर एक लांब ‘अरेरे’, पंच चुकला तर शिट्ट्या.

आणि चिमणीचा एक शब्द. उंच चेंडू आला की ती ओरडायची, “माझा!” तो शब्द भिंतीवरून अण्णांपर्यंत यायचा. पहिल्या वर्षी किरटा होता. मग मध्येच फाटायला लागला. आता त्यात असा दम होता की दहा हजार माणसांत ऐकू यावा. तो आला की अण्णा तिकीटवाल्याकडे पाहून भुवई उडवायचे आणि तिकीटवाला मान डोलवायचा. दुसरा एक आवाज मात्र त्यांना कधी उलगडला नव्हता. अधूनमधून, सगळं शांत असताना, ‘टण्ण’ असं काहीतरी वाजायचं. त्या बाजूची एखादी खुर्ची मोडकी असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

त्रेसष्टाव्या मिनिटाला भिंतीपलीकडे सगळं एकदम गप्प झालं आणि लांबच्या एका कोपऱ्यात मूठभर माणसं ओरडली. समोरच्या संघाचा, पिवळ्यांचा गोल. अण्णांनी घड्याळ घट्ट धरलं. या वयात, एका चेंडूसाठी इतकं हलावं याची त्यांना लाज वाटत नव्हती. उलट ज्यांना असं काहीच होत नाही, त्यांची त्यांना कीव यायची.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला पाठीमागची भिंत थरथरली. एक-एक. तिकीटवाल्याने अण्णांना मिठी मारली आणि दोघं म्हातारे फाटकाच्या लोखंडी गजांना धरून नाचले.

“बाहेर बसल्याचा गुण,” अण्णा धापा टाकत म्हणाले.

* * *

जादा वेळेतही गोल झाला नाही. आता पेनल्टी होणार होत्या, त्याही याच, पूर्वेकडच्या गोलवर.

दादा खुर्चीच्या कडेवर बसला होता. एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला कोटाची खुर्ची, तिच्यापलीकडे आत्या. दोघा बहीणभावांनी बरोबरीच्या गोलाला एकमेकांना मिठी मारली होती, आणि मग आठवण येऊन सोडली होती.

मैदानावर सगळ्या मुली प्रशिक्षकांभोवती गोळा झाल्या होत्या. चिमणी एकटी गोलकडे चालत आली. हातमोज्यांचे पट्टे दातांनी ओढले. मग तिने मान वर केली, नजरेने रांगा शोधल्या आणि हात केला.

दादाने सवयीने हात वर केला, पण अर्ध्यातच थांबला. ती त्याच्याकडे बघत नव्हती. आईकडेही नाही. ती खुर्चीवरच्या कोटाकडे बघत होती. आत कुणी आहे का ते बघत होती. नाही असं दिसलं, तरीही तिने हात केला, हसली आणि वळली.

ही आठ वर्षं कोटाला हात करतेय, दादाच्या लक्षात आलं. आणि त्याच्या आत काहीतरी निसटलं. एक रस्ता आठवला. निळं निशाण हातात घेऊन फुटपाथवर बसून रडणारा बारा वर्षांचा मुलगा आठवला. तो मुलगा काय म्हणाला होता, तेही आठवलं. ते शब्द तो इतकी वर्षं विसरला होता, की मुद्दाम बाजूला ठेवून बसला होता, कुणास ठाऊक.

“कुठे निघालात?” वहिनीने विचारलं.

“आलोच.”

तो पायऱ्या दोन दोन करत उतरला.

“हरलो?” त्याला पाहताच अण्णा उभे राहिले.

“नाही. पेनल्टी आहेत. अण्णा, चला आत.”

“डोकं फिरलंय का तुझं? सकाळी तूच—”

“सकाळी मी मूर्ख होतो. ती कोटाला हात करते, अण्णा. आत्ताही केला. रिकाम्या कोटाला.”

अण्णांनी भिंतीकडे वळून पाहिलं.

“आणि हे मी सुरू केलं ना?” दादाचा आवाज चिरकला. “त्या दिवशी घरी येताना मीच म्हणालो होतो. तुम्ही आलात की आपण हरतो. परत येऊ नका.”

“तू रडत होतास,” अण्णा म्हणाले. “रस्त्यात बसला होतास, उठायला तयार नव्हतास. मी म्हटलं, बरं बाबा, नाही येत. लगेच गप्प झालास. माझं बोट धरून घरी आलास. मुलाचं रडं एवढ्याने थांबत असेल तर कुठला बाप नाही म्हणेल?”

“म्हणून एकतीस वर्षं?”

“नंतर सवय झाली. आणि मग खरं सांगू, अभिमानही वाटायला लागला.” ते थांबले. “हरलो तर?”

“तर मी तुमच्या शेजारी उभा असेन.”

“अहो, आत जा की!” तिकीटवाला मध्येच ओरडला. “सुरू होतंय तिकडे!”

अण्णांनी छाती चाचपली. “तिकीट कोटात आहे. आणि कोट आत आहे.”

“एकतीस वर्षं माझ्या स्टुलावर बसलात आणि आता तिकीट कसलं दाखवताय?” असं म्हणत त्याने त्यांना जवळजवळ आत ढकललं.

* * *

हिरवळ. अण्णांना पहिल्यांदा फक्त हिरवळच दिसली, आणि तिच्या एका टोकाला, गोलच्या बरोबर मधोमध, एक उंच मुलगी. तिने पाय रोवले, उडी मारून डोक्यावरच्या आडव्या दांड्यावर तळहात मारला. टण्ण.

“मोडकी खुर्ची,” अण्णा पुटपुटले. दादाला काही कळलं नाही.

निळ्यांची पहिली पेनल्टी आत गेली होती. आता पिवळ्यांची पहिली, आणि तीही आत गेली. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका नेहमीच्या माणसाने वळून पाहिलं आणि तो किंचाळला, “अण्णा! आत? अहो, बाहेर! बाहेर जा!” चारपाच माना वळल्या. लोक पोटतिडकीने हात हलवायला लागले, जसं काही अण्णा चालत्या गाडीसमोर आले होते.

अण्णांचा चेहरा उतरला. ते मागे फिरले. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या शर्टाची बाही धरली. वहिनी होती.

“बसा.”

“सूनबाई, तूच म्हणाली होतीस—”

“म्हणाले होते. चुकलं माझं. कोट मांडीवर घ्या आणि बसा.” मग ती मागच्या रांगेकडे वळली, आणि भरल्या बसमध्ये दारात लटकणाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या आवाजात म्हणाली, “ते चिमणीचे आजोबा आहेत. कुणाला त्रास होत असेल त्याने स्वतः बाहेर जायचं. बाहेर स्टूल रिकामं आहे.”

कुणी गेलं नाही.

दुसऱ्या पेनल्टीआधी चिमणीने पुन्हा वर पाहिलं. कोटाच्या जागी माणूस बसला होता. तिने हात केला नाही. क्षणभर नुसती बघत राहिली, मग दांड्यावर तळहात मारला, नेहमीपेक्षा जोरात. पिवळी मुलगी धावत आली. चेंडू खालच्या कोपऱ्यात निघाला, आणि चिमणी आडवी झाली, लांबच लांब, आणि बोटांच्या टोकांनी तो बाहेर घालवला.

अण्णा उभे राहिले. ‘चला, जिंकलो’ म्हणाले नाहीत. साखरेचा डबा आडवा करून दाखवतात, तेव्हा ती अशी जाते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला सांगता आलंही नसतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला वेळ नव्हता.

चौथीही तिने अडवली, पायाने. पण निळ्यांनीही दोन घालवल्या. पाच-पाच झाल्यावर तीन-तीन अशी बरोबरी. सहावी निळी पेनल्टी खांबाला लागून परत आली. मग पिवळ्यांची सहावी. चिमणी डावीकडे झेपावली. चेंडू उजवीकडे गेला.

संपलं. लांबच्या कोपऱ्यात पिवळ्यांचा जल्लोष सुरू झाला, आणि निळ्यांच्या बाजूला माणसं जिथल्या तिथे बसली. अण्णांच्या आजूबाजूचे लोक त्यांच्याकडे बघायचं टाळत होते, आणि ते टाळणं ओरडण्यापेक्षा वाईट होतं. दादा त्यांच्या शेजारी उभा होता. म्हणाला होता तसा.

चिमणी कठड्यापाशी आली तेव्हा तिचा चेहरा मातीने आणि रडण्याने माखलेला होता. अण्णा पायऱ्या उतरून खाली गेले, मागोमाग बाकीचे.

“आलात,” ती म्हणाली.

“आलो आणि तुला हरवलं. मी बाहेर बसलो असतो तर—”

“थांबा. शेवटची तिने कुठे मारली?”

“तुझ्या उजवीकडे.”

“मी कुठे गेले?”

“डावीकडे.”

“मग हरलं कोण?” तिने कोपराने नाक पुसलं. “मी तिचा पाय बघितला, मला वाटलं डावीकडे मारणार. चुकले. दोन अडवल्या त्या माझ्या, तशी ही सुटली तीही माझीच. ती तुम्ही घ्यायची नाही, आजोबा. अजिबात नाही.”

एकोणऐंशी वर्षांत अण्णांना इतकं कुणी झापलं नव्हतं, आणि आपल्या घरातल्या माणसाचा इतका अभिमानही त्यांना कधी वाटला नव्हता. तिन्ही चषकांच्या वेळीसुद्धा नाही. त्यांनी कोट उलगडला आणि कठड्यावरून तिच्या खांद्यांवर घातला. बाह्या तिच्या कोपरापर्यंतच आल्या.

मागच्या रांगेतला तो नेहमीचा माणूस बाजूने जात होता. त्याला राहवलं नाही. “अण्णा, तुम्ही आत आला नसता तर…”

आत्या तोंड उघडणार होती. वहिनीने तर उघडलंही होतं. पण अण्णांनी हात वर केला.

“ती डावीकडे गेली, चेंडू उजवीकडे गेला,” त्यांनी त्या माणसाला शांतपणे सांगितलं. “मी पाहिलं.”

* * *

संध्याकाळी सगळे टेबलाभोवती बसले. चिमणी ओले केस टॉवेलात गुंडाळून, पाय खुर्चीवर घेऊन बसली होती. आत्या घरी जाण्याचं नाव काढत नव्हती. दादाने तिच्यासमोर चहाचा कप सरकवला आणि तिने तो घेतला. पाटीचा विषय निघाला नाही.

मग सवयीने दादाने कपबश्या बाजूला सारल्या, दोन चमचे गोलच्या खांबांसारखे मांडले आणि साखरेच्या डब्याकडे हात नेला.

अण्णांनी डबा आपल्याकडे ओढून घेतला.

“तू बस,” ते म्हणाले. “आज मी सांगतो.”

“अण्णा, आम्ही सगळे तिथेच होतो,” आत्या म्हणाली.

“असाल. पण तुम्हाला सवय झालीय तिची. तुम्ही नीट बघितलं नसणार.”

त्यांनी चष्मा सारखा केला, डबा चमच्यांच्या बरोबर मधोमध ठेवला, मग थोडा डावीकडे घेतला, मग परत मधोमध. चिमणी टॉवेलातून बघत होती. सगळे पुढे वाकले.

“तर, आधी हिने काय केलं,” अण्णा म्हणाले, आणि त्यांनी डबा दोन्ही हातांनी उंच उचलला. “टण्ण!”